शिंप्याच्या पोटावरचा पट्टा

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. विजार सावरणारा नव्हे, पोट सावरणारा. माझा मालक शिंपी आहे. त्याच्या आतड्याचा खराब भाग काढावा लागला, तेव्हा डॉक्टरांनी शौचासाठी पोटावर एक लहान वाट केली. तिला स्टोमा म्हणतात. तिच्यावर पिशवी चिकटवलेली असते. पुढे त्या वाटेभोवतीचे स्नायू सैल पडले, तिथे फुगवटा आला आणि त्याला आधार म्हणून मी आलो.

नर्सबाईंनी बजावले होते, "काका, सकाळी उठायच्या आधी, आडवे असतानाच पट्टा बांधायचा. खोकला आला की तिथे हात धरायचा. जड उचलायचं नाही. आणि फार आवळू नका हं, पिशवीला भरायला जागा लागते."

मालक सगळे पाळायचा. माझ्या आधाराने तो दिवसभर कापायच्या टेबलाशी उभा राहायचा. हातात कात्री आली की आजारपण विसरायचा. ते टेबल सुटू नये, एवढेच त्याला हवे होते.

एकदा दुकानाचा कारभार बघणारा धाकटा भाऊ गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "काय दादा, कितवा महिना?" सगळे हसले. मालकही हसला. मग आत जाऊन त्याने मला मशीनखाली घातले आणि ढगळ सदरा घट्ट करावा तशा दोन्हीकडून टिपा मारल्या. शिंपीच तो! पोटही कापडासारखे आत घेता येईल, असे त्याला वाटले.

पोट सपाट दिसले खरे, पण पिशवीला जागाच उरली नाही. एका कोटाचे माप घेता घेता ती कडेने सुटली. गिऱ्हाईक नाक दाबून बाहेर पडले.

"उद्यापासून मागच्या खोलीत बस. काजं-बटणं कर," भाऊ म्हणाला. "आणि ते फडकं फेकून दे."

मी चिंध्यांत गेलो. मालकाच्या बायकोने मला शोधून काढले. टिपा उसवता उसवता ती म्हणाली, "अहो, लोक हसले म्हणून स्वतःलाच शिवून घेतलंत?"

आता तो मला पुन्हा नीट बांधतो. पिशवी गळत नाही. पण कात्री भावाकडे गेली ती गेलीच. पडद्यापलीकडे ती कापडावर चालू लागली की माझ्याखाली मालकाचे पोट घट्ट होते. ते फक्त मला कळते.

मित्रांनो, मला जपायला कोमट पाणी आणि सावलीतली दोरी पुरते. त्याला जपायला तर तेवढेही लागत नाही. फक्त हसू नका. सख्ख्या भावाला हे जमले नाही. तुम्हाला जमते का, बघा.