निळ्याच्या अलीकडे

"चाव. अजून चाव. एकदाचा हाडापर्यंत जा," म्हणत मालिनीने हात पिंजऱ्याबाहेर ओढला आणि त्या धांदलीत पाण्याची वाटी उपडी झाली. पाणी थेट खाली ठेवलेल्या जीन्सच्या गठ्ठ्यावर गेलं. बोटाच्या पेरावर रक्ताचा थेंब आला होता. आत दांडीवर तुर्रम तुरा डोक्याला चिकटवून, पंख फुलवून, शिट्टी व्हायच्या आधी कुकर करतो तशी फुसफुस करत होता.

"आता काय केलंस त्याला?" नरेंद्रने कॉटवरून विचारलं.

"मी केलं? मी? पाणी बदलत होते त्याचं! तुम्ही कधी बदललंय?"

"मला कुठे चावतो तो?" नरेंद्र म्हणाला. अंबरनाथच्या आनंदनगरमधल्या कंपनीतून पहिली पाळी करून आलेला माणूस. घरात आला की एकच काम करायचा, आडवं व्हायचं. त्याने पिंजऱ्याचं दार उघडून बोट पुढे केलं. तुर्रम टुणकन बोटावर, तिथून खांद्यावर, आणि तिथे बसून तो नरेंद्रच्या कानावरचे केस ओढू लागला. तुरा अर्धा वर, गालावरच्या नारिंगी टिकल्या फुललेल्या.

"तुझा आवाजच तसा आहे गं," नरेंद्र म्हणाला.

मालिनीने बोट तोंडात धरलं. आवाजाचं काय घेऊन बसलात, असं तिला म्हणायचं होतं, पण तोंडात बोट होतं.

तुर्रम हा हिरवा मिठू नव्हे. डोक्यावर तुरा, पिवळं अंग, जात कॉकॅटील, पण बाजारात ज्याला सगळे 'कॉकटेल' म्हणतात तसला परदेशी पोपट. जिज्ञासाने, म्हणजे मालिनीच्या एकुलत्या एका लेकीने, तो डोळे नीट उघडायच्या आत आणला, सिरिंजने भरवून वाढवला, आणि पिसं फुटतात न फुटतात तोच पुण्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली म्हणून निघून गेली. हॉस्टेलवर पक्षी चालत नाही. मग काय, आई आहेच. आईला कधी कुणी चालतं का विचारत नाही.

पण खरं सांगायचं तर मालिनीला तो हवा होता. उल्हासनगर कॅम्प तीनच्या त्या दोन खोल्यांत दिवसभर ती, गठ्ठा आणि कात्री. लेकीने जाताना मागे ठेवलेली जिवंत वस्तू एवढीच. ती आपल्या हातावर यावी, एवढंच तिला वाटत होतं. आणि तो, तिच्या हातचं खाऊन, तिच्याच हाताला चावत होता.

रात्री फोनवर जिज्ञासा म्हणाली, "आई, तो अजून पिल्लू आहे. त्याचा तुरा बघत जा. सपाट असला तर घाबरलाय. अर्धा असला तर खुशीत."

"माझ्यासमोर कायम सपाटच. इस्त्री केल्यासारखा."

"मग तू दचकवत असशील. हळू बोल ना त्याच्याशी."

"अगं राजा म्हणते, सोन्या म्हणते. तुझ्या बापाला इतक्या वर्षांत म्हटलं नाही ते सगळं त्याला म्हणून झालं!"

जिज्ञासा हसली, मग जरा थांबून म्हणाली, "बघ, नसेल होत तर अंबरनाथची विनिता घ्यायला तयार आहे. पुढच्या रविवारी येते मी, तेव्हा नेऊन देते. तुला उगाच त्रास नको."

त्रास नको म्हणे. मालिनीने फोन ठेवला तो आदळलाच.

तिने उपाय करायचे बाकी ठेवले नाहीत. पिंजरा खिडकीपासून हलवला, पुन्हा खिडकीत नेला. बाजरीच्या कणसाचं आमिष दाखवलं. त्याने कणीस घेतलं आणि बोटही घेतलं. गाऊन बदलला, बांगड्या काढून पाहिल्या, टिकली काढून पाहिली. शेजारची द्रौपदी म्हणाली, नजर लागलीय. तिने मीठमिरच्या ओवाळून गॅसवर टाकल्या. त्या धुराने तुर्रम सोडून सगळी चाळ खोकली. जाताना द्रौपदीने मायेने पिंजऱ्यात बोट घातलं तर तिलाही प्रसाद मिळाला.

"बायकांचा वैरी आहे मेला," द्रौपदी बोट झटकत म्हणाली.

"मग जिज्ञासा कोण आहे? पैलवान?"

सगळ्यात जिव्हारी लागलं ते हरेशभाईचं. हरेशभाईचा मागच्या गल्लीत जीन्सचा कारखाना. तिथे शिवलेल्या, अजून न धुतलेल्या कोऱ्या पॅंटींचे गठ्ठे टेम्पोने घरोघरी यायचे, आणि मालिनी, द्रौपदी, सगळ्या गल्लीतल्या बायका शिलाईचे लोंबणारे धागे कापून ते परत करायच्या. त्या दिवशी गठ्ठा टाकायला तो स्वतः आला. पांढरा शर्ट, बोटांत अंगठ्या. "अरे वा, तोता पाला है भाभी?" म्हणत त्याने सहज हात पुढे केला, आणि तुर्रम जावयासारखा त्याच्या हातावर जाऊन बसला. वर शीळही घातली.

"देखो भाभी, कितना शरीफ है!"

"हां, शरीफों के साथ शरीफ है," मालिनी म्हणाली. हरेशभाई खूश होऊन गेला. ती मात्र दुपारभर अशी कात्री चालवत राहिली की दोन पॅंटींचे पट्ट्याचे लूपच कापले गेले.

मग मध्येच भावाच्या मुलीची, तेजस्वीची, हळद आली. बदलापूरच्या पुढे मालिनीचं माहेर. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. मांडवात डीजे आणि लग्नाचे धवले गाणाऱ्या धवलारणीची गाणी दोघांची जुंपलेली, कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. काम बंद म्हणून मालिनी दोन रात्री तिथेच राहिली. वेणूआत्या नव्वदीला टेकलेली, पण हळदीला पुढे. तिने मालिनीला ओढून शेजारी बसवलं.

"आन इकरं हात," ती म्हणाली आणि हळदीचा गोळा घेऊन तळव्यांपासून कोपरापर्यंत चोळत बसली. "लाव गो बाय, लाव. नवरीची उरली का आपली."

मालिनी घरी परतली ती संध्याकाळी, अंगाला हळदीचा वास, हात कोपरापर्यंत पिवळे. नरेंद्र दुसऱ्या पाळीला गेलेला. तुर्रमची दाण्याची वाटी रिकामी. "त्यांनी बघितलं पण नाही ना तुझ्याकडे?" म्हणत तिने दार उघडलं, चावा बसणारच म्हणून डोळे बारीक केले आणि हात आत घातला.

बोटावर काहीतरी गार, हलकं चढलं. तिने डोळे उघडले. तुर्रम तिच्या तर्जनीवर उभा होता. तुरा अर्धा वर. त्याने मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं आणि चोचीवर चोच घासत कुरकुर आवाज केला. तो आवाज झोपायच्या आधी, अगदी निवांत असताना करतात, असं जिज्ञासाने सांगितलं होतं. मालिनीला हुंदकाच आला. ती कितीतरी वेळ पिंजऱ्यापाशी वाकून उभी राहिली. कंबर धरली तरी तिने हात हलवला नाही.

"आठवण आली ना माझी? आली ना रे?" ती म्हणत राहिली.

नरेंद्रला सांगितलं, द्रौपदीला बोलावून दाखवलं. दोन दिवस तो येत राहिला. मालिनी गाणी म्हणू लागली होती.

मग गठ्ठा आला. गडद निळा, कोरा माल. ती सकाळपासून बसली, संध्याकाळी उठली, हात धुतले आणि हसत पिंजऱ्यात घातले. तुरा सपाट. फुसफुस. आणि अंगठ्याच्या मुळाशी असा चावा की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"अरे, मीच आहे! कालचीच!"

ती आपल्या हाताकडे बघत राहिली. रक्त आलंय का बघत होती, आणि बघता बघता तिला हात दिसला. बोटं, नखं, तळव्याच्या रेघा, सगळं निळं. मनगटापाशी बांगडीच्या खाली एक रेघ, आणि रेघेच्या पलीकडे तिचा खरा रंग. साबणाने जाणारा नव्हे हा निळा. इतकी वर्षं तो तिथे होता की तिने बघणंच सोडलं होतं. त्या गल्लीत सगळ्याच बायकांचे हात निळे. पांढऱ्या हातांची बाई दिसली तर पाहुणी समजायचं.

तिने स्वयंपाकघरात जाऊन हळद कालवली. डाव्या हाताला लावली, उजवा तसाच ठेवला. दोन्ही हात एकदम पिंजऱ्याच्या दाराशी धरले. तुर्रम उजव्यावर फुसकारला आणि डाव्यावर येऊन बसला.

मालिनी मटकन खाली बसली. आवाज नाही, नजर नाही, नशीब नाही. तिच्या कामाचा रंग त्याला नको होता. तिला इतका राग आला की तो पोपटाचा, हरेशभाईचा, की स्वतःचा, हे तिचं तिलाच कळेना. लिंबू चोळलं. टॉयलेटचं ॲसिड सोडून घरात होतं नव्हतं ते सगळं चोळलं. चामडी लाल झाली, निळं हटलं नाही. शिवाय हटून करायचं काय? उद्या गठ्ठा आहेच.

रविवारी जिज्ञासा आली. हातात भोकं पाडलेलं खोकं. तुर्रम तिला बघून वेडाच झाला, शीळ घालत तिच्या खांद्यावर जाऊन बसला. ओट्यावर मालिनीने हळदीची वाटी कालवून ठेवली होती. लेकीला दाखवायचं होतं, बघ, माझ्याकडेही येतो.

"पप्पा म्हणाले येतो आता तुझ्याकडे!"

"येतो. हळद लावली की." आणि तिने सगळं सांगितलं.

जिज्ञासाने कपाळावर हात मारला. "अय्यो, निळे हात! मग तर एकदम सोपं आहे, आई. काम झालं की हात हळदीत बुडवायचे. प्रॉब्लेम काय आहे?"

मालिनीही तेच ठरवून बसली होती. पण लेकीच्या तोंडून ते ऐकलं आणि तिचा तोल गेला.

"प्रॉब्लेम? तुझ्या शाळेत मीटिंगला यायचे तर तू म्हणायचीस, आई, हात पदराखाली घे. कुणाच्या लग्नात फोटो काढायचा तर हात मागे. आता माझ्या घरात, मी आणलेलं खाणाऱ्या पाखरासमोर पण लपवू? याच हातांनी त्याची घाण काढते मी. तुझी पण याच हातांनी काढली!"

नरेंद्रने टीव्हीचा आवाज बंद केला.

"ने त्याला," मालिनी म्हणाली. "विनिताचे हात गोरे असतील."

ती गठ्ठ्यापाशी बसली आणि पाठ फिरवून धागे कापू लागली. कात्रीचा कचकच आवाज तेवढा. जिज्ञासा खांद्यावर तुर्रम घेऊन उभी राहिली. मग तिने त्याला पिंजऱ्यात ठेवलं, खोकं पायाने कॉटखाली सरकवलं आणि आईसमोर मांडी घालून बसली. डब्यातली दुसरी कात्री घेतली.

"सोड ते. तुला कधी लावू दिला नाही हात, आता कशाला? रंग लागेल."

"लागू दे."

"उद्या लॅबमध्ये विचारतील."

"सांगेन, आईकडे गेले होते."

तिला जमत नव्हतं. धागा सोडून शिलाई धरायची. मालिनीने दोनदा हातातून पॅंट हिसकावून घेतली, तिसऱ्यांदा धागा कसा धरायचा ते दाखवलं. दिवे लागेपर्यंत जिज्ञासाची बोटं निळी झाली होती, आणि घाम पुसताना कपाळावरही एक पट्टा उठला होता. नरेंद्रने न सांगता चहा केला.

जिज्ञासाने पिंजरा उघडला. तुर्रम उडी मारून गठ्ठ्यावर उतरला आणि तुरुतुरु तिच्या हाताकडे धावला. बोटापाशी येऊन थबकला. तुरा खाली गेला. फुसफुस.

जिज्ञासाचा चेहरा पडला. जन्मापासून ज्याला भरवलं तो तिच्यावर फुसकारत होता. तिने हात मागे घ्यायला सुरुवात केली.

"ओढू नकोस," मालिनी म्हणाली. "आपण हात ओढला की त्याला वाटतं, घाबरलो ते बरोबरच होतं."

जिज्ञासाने हात तिथेच ठेवला, दुसराही शेजारी आणला. तिचे डोळे भरले होते, पण तिने हात ठेवला. मालिनीनेही आपले दोन्ही हात कात्री सोडून गठ्ठ्यावर ठेवले. तुर्रम चार निळ्या हातांच्या मध्ये निळ्या कापडावर उभा होता. एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. नरेंद्रने कॉटवरून बोट पुढे केलं, "ये, माझ्याकडे ये."

"तुम्ही थांबा," मायलेकी एकदम म्हणाल्या.

बराच वेळ गेला. मग तुर्रम मालिनीच्या गाऊनच्या बाहीला चोच लावून वर चढला, कोपरावर आला, आणि पाऊल पाऊल टाकत खाली उतरू लागला. मनगटाकडे, बांगडीकडे. जिथून निळं सुरू होत होतं त्या रेघेपाशी तो थांबला. एक पाय पुढे उचलला, पुन्हा मागे घेतला, आणि तिथेच अंग फुलवून बसला.

"आई, येईल का गं पुढे?" जिज्ञासाने कुजबुजत विचारलं.

"आज बसू दे," मालिनी म्हणाली. "इथवर आलाय."