इन्फाउस्ट

"इन्फाउस्ट," लॅपटॉपच्या पडद्यावरची जर्मन डॉक्टरीण हळू आवाजात म्हणाली आणि दुभाष्यासाठी थांबली.

दुभाष्या म्हणजे आजारी मुलीचा बापच. इथल्या डॉक्टरांनी हात टेकले होते; ही बाई शेवटची आशा. घरात जर्मन येणारा माणूस असताना परका कशाला, असं बायको म्हणाली आणि यानेही मोठ्या तोऱ्यात मान डोलावली होती. आता उशीला टेकलेली मुलगी आणि तिचे पाय चेपणारी बायको, दोघी त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"अहो, काय म्हणाल्या त्या?"

"शब्द लॅटिन आहे," तो म्हणाला. "'इन' म्हणजे नाही. 'फाउस्तुस' म्हणजे शुभ, दैवाची मर्जी असलेला. तो आला 'फावेरे'वरून, मर्जी असणे. रोमन लोक पूजेच्या वेळी हाच शब्द वापरून सगळ्यांना गप्प बसायला सांगत, तोंडून अशुभ निघू नये म्हणून. त्याच्याही मागे आणखी जुनं मूळ असावं, जपणे, लक्ष ठेवणे अशा अर्थाचं..."

शब्दांची मुळं उकरायची त्याला खोडच होती. मित्र त्यापायी त्याला उंदीर म्हणत. आज उंदराला लपायला बीळ हवं होतं. हजारो वर्षं मागे जावं लागलं तरी चालेल, पण या खोलीत परतायला नको, असं त्याला झालं होतं.

"हे कसलं पुराण लावलंय?" बायको रडकुंडीला आली. "उपाय आहे की नाही, तेवढं सांगा ना!"

मुलीने आईचा हात धरला. "बाबा, कोर्टात करतोस तसं कर. त्या बोलल्या तसंच."

कोर्टात दुभाष्याला स्वतःचं काही बोलायचं नसतं. साक्षीदार 'मी' म्हणाला की त्यानेही 'मी'च म्हणायचं. खुनाचे कबुलीजबाबसुद्धा त्याने असेच, आवाज न हलवता सांगितले होते. त्याने डॉक्टरीणबाईंना तेच पूर्ण वाक्यात पुन्हा सांगायची विनंती केली, ऐकलं आणि मुलीकडे वळला.

"तुमचा आजार बरा होण्यातला नाही," तो म्हणाला. "मी तुम्हाला वाचवू शकत नाही."

बायकोने हंबरडा फोडला.  पडद्यावरची बाई उत्तरासाठी थांबलीच होती.

"त्यांना सांग," मुलगी म्हणाली, "खरं सांगितलंत, बरं झालं. मी आभारी आहे."

त्याने जर्मनमध्ये सुरुवात केली. 'मी' एवढं निघालं. पुढचा, आभाराचा, पोराटोरांनाही येणारा साधा शब्द त्याला काही केल्या आठवेना. शेवटी मुलीनेच पडद्याकडे बघून मान झुकवली.