ज्यावाचून कुणाचं अडत नाही तो व्हॉल्व्ह

इंजिनीअरबाईंचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. एरवी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात त्या खुर्ची सोडायच्या नाहीत. आज खिडकीपाशी येरझाऱ्या चालल्या होत्या. तसं कारण काय, तर काहीच नाही! थोरला भाऊ दवाखान्यात डायलिसिसला गेला होता, पण तो नेहमीच जातो. त्या दवाखान्याच्याच भागात मोठ्या रस्त्यावर गळती काढायला दुरुस्तीच्या गँगने व्हॉल्व्ह बंद केला होता, आणि तो खुशाल बंद करा म्हणून बाईंनीच सांगितलं होतं.

कुठला व्हॉल्व्ह बंद केला तर किती घरं कोरडी राहतील, हे बाईंनी शहरभर चेंबरं उघडून ठरवलं होतं. मोठ्या रस्त्याचा हा व्हॉल्व्ह महत्त्वात अगदी तळाला. कारण मागच्या गल्लीतला दुसरा व्हॉल्व्ह तपासणीत बंद सापडला, मुकादमाने तो उघडला, आणि त्या भागाला दोन बाजूंनी पाणी मिळालं. मीटिंगमध्ये बाईंनी हे चांगलं तिखटमीठ लावून सांगितलं होतं. टाळ्यासुद्धा पडल्या मेल्या!

फोन वाजला. वहिनी होती.

"अगं, इथे नळाला थेंब नाही! टाकी संपत आली, मशीन मध्येच थांबवावं लागेल म्हणतात. ह्यांचं मागच्या वेळीही अर्धवटच झालंय. पाय बघ कसे सुजलेत. काहीतरी कर गं!"

"असं होणारच नाही वहिनी, मागच्या गल्लीतून पाणी..." बोलता बोलताच बाईंनी मुकादमाला हाक मारली आणि जीप काढायला लावली.

गल्लीत जीप थांबते न थांबते तोच त्या उतरल्या. मुकादमाने चेंबरचं झाकण उचललं.

"बाई, हा मी माझ्या हाताने उघडलाय. डावीकडे कसा गरागरा फिरला!"

"आणि त्याआधी उजवीकडे?"

"तसूभर हलला नाही. म्हणून तर कळलं ना, बंद आहे ते."

बाई चेंबरवर वाकल्या. व्हॉल्व्ह उजवीकडे बंद होतात, पण जुन्यांपैकी काही उलटे असतात, डावीकडे बंद होणारे आणि उजवीकडे उघडणारे. उलटा व्हॉल्व्ह पुरता उघडा असेल, तर उजवीकडे हलेलच कसा? म्हणजे तो उघडाच होता, आणि आपण वाजतगाजत बंद केला!

"उजवीकडे फिरवा."

"उगाच मोडेल हो..."

"मुकादम, फिरवा म्हणते ना!"

त्याने व्हॉल्व्हच्या चावीवर जोर लावला. चावी करकरली, मग फिरली, आणि फिरतच राहिली. खाली पाइपातून पाणी घोंघावत निघालं. मुकादमाचं तोंड एवढंसं झालं.

थोड्या वेळाने दादाचाच फोन आला. "आलं बरं का पाणी. मशीन चालू आहे. कुठल्या गाढवाने बंद केलं होतं गं?"

"मीच, दादा."

दादा हसला. "बरं बाई. ये आता इकडे, बस जरा माझ्याजवळ."

बाईंचे डोळे भरून आले. पाय तिकडेच ओढत होते. पण असे बंद सापडलेले आणि मोठ्या कौतुकाने उघडलेले व्हॉल्व्ह शहरात आणखीही होते, आणि त्यांच्याही पलीकडे कुणाचा तरी दादा होताच.

"आज नाही रे जमत," त्या म्हणाल्या, आणि मुकादमाच्या आधी जीपमध्ये चढल्या.