सासऱ्यांचा खजिना

तुर्कस्तानातली जुनी लिडियन भाषा बोलणारं शेवटचं तोंड मिटून दोन हजार वर्षं झाली. पण तिच्यापायी नवरा-बायकोत अबोला धरला जातो, मग ती मेली असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

अबोला होता संग्रहालयात जुने शिलालेख वाचणाऱ्या लिपीवाल्या बाई आणि त्यांच्या यजमानांत. भांडण एका थडग्याच्या शिळेवरून. 'हे थडगं, ही भिंत आणि हा अमुक जो मोडेल, त्याचा सत्यानाश होवो,' असा तिच्यावर कोरलेला शाप. त्यातला 'अमुक'च्या जागचा शब्द कुणालाच लागत नव्हता. बाईंच्या सासऱ्यांनी हयातीत तो 'खजिना' असा लावला आणि शेजारी 'केवळ अंदाज' असंही लिहिलं. पुढच्या विद्वानांनी खजिना तेवढा उचलला, अंदाज तिथेच टाकला.

आता संग्रहालयात शिळा मांडायची होती.

"पाटीवर 'अर्थ माहीत नाही' असंच लिहीन," बाई म्हणाल्या.

"माहीत नाही बघायला कोण तिकीट काढेल?" संचालक म्हणाले. "मग पाटीही दुसरा लिहील आणि तुमची खोलीही त्यालाच जाईल."

खोलीत बाईंचा जीव. दगडावर ओला कागद ब्रशने ठोकून घेतलेले ठसे तिथे छताला टेकले होते.

घरी यजमान म्हणाले, "बाबांचं जगात एवढंच नाव उरलंय. तेही सूनच पुसणार?"

"त्यांनी दोन गोष्टी लिहिल्या. तुम्ही सगळ्यांनी टाकलीत ती मी राखतेय." तिथून अबोला.

बाईंची खोली गेली आणि उद्घाटनाला दुसऱ्याने लिहिलेल्या पाटीवर खजिना झळकला. बाईंनी स्टूल आणलं आणि शिळेशेजारी ठाण मांडलं.

"सासरे म्हणाले खजिना. केवळ अंदाज, हेही तेच म्हणाले," त्या येईल त्याला सांगू लागल्या. "तुम्हाला काय वाटतं?"

"उंबरा," एक गवंडी म्हणाला.

"बाक," एक आजी म्हणाल्या. "रडून दमल्यावर टेकायला नको?"

"असेल. पुरावा आणा."

मग काय, जो तो आपल्या अर्थावर अडून बसला. रांगेचं शेपूट इमारतीला वळसा घालून मागच्या दाराने पुन्हा आत शिरलं, आणि हे मी कमी करून सांगतोय.

संचालक घामाघूम होऊन आले. "उठा आता, खोलीत बसून बोलू."

"कुणाच्या?"

तेवढ्यात मागे स्क्रू फिरल्याची करकर ऐकू आली. यजमान पाटी उतरवत होते.

"अहो, कुणाला विचारून?" संचालक ओरडले.

"खजिना आमच्या घरचा," पाटी काखेत मारत यजमान म्हणाले. "घरी नेतोय."