रडल्याशिवाय घास नाही

आमच्या देस्से गावचं धुकं विचारून येत नाही. पावसाळ्यात ते तोसाच्या डोंगरावरून उतरतं, निलगिरीत जरा वेळ रेंगाळतं आणि मग सरळ घरात शिरतं. अशा सकाळी आपण जागे आहोत की झोपेतच चालतोय, हे चुलीचा चटका बसेपर्यंत कळत नाही. कोरोनाच्या वर्षी तर सगळं गावच तसं झालं होतं. माणसं तोंड बांधून फिरायची, आणि धुक्यातून ओळखीचं कोणी समोर आलं तरी आधी दोन पावलं मागे सरायची.

मी येशी. आमच्या आळीच्या इद्दिरची, म्हणजे मयतीला धावणाऱ्या मंडळाची, भांडी माझ्या ताब्यात असतात. आळीत कोणी गेलं की इद्दिरचा तंबू, बाकं आणि हंडे त्या घरी पोचतात. मग तीन दिवस आळी तिथे बसते, रडते आणि आमच्याच हंड्यातलं जेवते. मेलेला ख्रिश्चन असो की मुसलमान, हंडा तोच. पण त्या वर्षी चारांहून जास्त माणसांनी जमायचं नाही असा हुकूम होता. माणसं मरत होती आणि हंडे कोठीत पालथे पडले होते.

एक दिवस म्हातारे गाशे यिमर कोठीच्या दारात येऊन उभे राहिले. पहाटे कर्णा फुंकून मयताची खबर द्यायची, हे त्यांचं जन्माचं काम. गर्दी होते म्हणून तेही बंद झालं होतं. तरी कर्णा खांद्याला होताच. जित्याची खोड, दुसरं काय.

“येशी, हे हंडे कोणी मेल्यावरच तापवायचे, असा काही नेम आहे का?”

“मग काय जिवंतांना जेवू घालू?”

“घाल की. जिवंतांनी काय घोडं मारलंय?”

म्हातारा बोलला ते खरंच होतं. आळीत एकेकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची मुलं कोणी राजधानीत, कोणी अरबांच्या देशात. बाजार बंद, शेजारी घाबरलेले. दुसऱ्या दिवसापासून मी चूल पेटवली. इंजेरा ही आमची आंबवलेली भाकरी, डाळीच्या पिठाचा दाटसर शिरो, कधी कोबी. मी रांधायची, गाशे यिमर आणि मी घरोघर पोचवायचो. सगळ्यांनी घेतलं, दुवा दिला. एकटी एम्मामा अस्कले सोडून.

एम्मामा आम्ही कुठल्याही म्हातारीला म्हणतो, पण अस्कले काही कुठलीही म्हातारी नव्हती. ती मयताला रडणारी. तंबूत बायका बसल्या की ती मधे उभी राहायची आणि मेलेल्यावर जागच्या जागी ओवी रचायची. त्याची चाल, त्याचा राग, त्याने कधी कोणाला दिलेलं कणीस, सगळं त्या ओवीत यायचं. आयुष्यभर त्या माणसाशी भांडलेल्या जावासुद्धा मग हंबरडा फोडायच्या. आणि रडणं संपलं की ती हात धुऊन, इद्दिरच्या हंड्यातलं पोटभर जेवून घरी जायची.

तिचं घर चढावर, निलगिरीच्या टोकाला. पहिल्या दिवशी तिने दाराच्या फटीतून डबा पाहिला.

“कोण गेलं?”

“कोणी नाही, एम्मामा. तुमच्यासाठी आणलंय.”

“इद्दिरच्या हंड्यातलं आहे.”

“हो.”

“मग कोणी गेल्याशिवाय हंडा तापला कसा?”

मी सगळं समजावून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. तिने दार लावलं. मी डबा गडग्यावर ठेवून आले. दुसऱ्या दिवशी तो तिथेच होता आणि कावळ्यांनी त्यात मेजवानी उरकली होती. मग मी घरच्या भांड्यात रांधून नेलं. तिने लांबूनच वास घेतला आणि म्हणाली, “भांडं बदललंस, हात तोच.”

मला संताप आला. घरात तिच्याकडे भाजलेल्या दाण्यांचं एक गाडगं होतं, त्यावर ती दिवस काढत होती. दार ढकलायला तिला आता दोन्ही हात लागायचे. मनगट इतकं बारीक झालं होतं की बांगडी कोपरापर्यंत वर सरकायची. ही बाई माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या भरल्या हंड्यासमोर उपाशी मरणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

“अहो, असा कसला हट्ट तुमचा?” मी ओरडले. “उद्या मेलात तर आळी मला खाईल!”

ती शांतपणे म्हणाली, “तुझा भाऊ गेला तेव्हा मला बोलावलंस?”

मुलुकेन समुद्राच्या रस्त्यावर ट्रक चालवायचा. ताप घेऊन परत आला आणि घरी न येता दवाखान्यातच गेला. चौघांनी नेऊन पुरला. मी त्या दिवशीही भांडीच घासत होते.

“बंदी होती, एम्मामा.”

“ठाऊक आहे गं. तुला दोष नाही देत. पण मी त्याच्यासाठी रडले नाही. कोणासाठीच रडले नाही या वर्षी. रडल्याशिवाय त्या हंड्यातला घास मी कधी तोंडात घातला नाही, आता मरताना फुकटची सवय कशाला?”

त्या रात्री मी गाशे यिमरना सांगितलं, म्हातारी एकटी आहे म्हणून तिला जेवण जात नसेल. खरं कारण सांगायला मला जड गेलं. ते म्हणाले, मग आपणच तिच्या अंगणात जाऊन बसू. दोन बाकं टाकू, लांब लांब बसू, आपलं आपण खाऊ. समोर माणूस जेवताना दिसलं की भूक लागते.

सकाळी धुकं असं की स्वतःचे पाय दिसेनात. डोक्यावर छोटा हंडा आणि काखेत एक बाक घेऊन मी पुढे निघाले. मागून गाशे यिमर दुसरं बाक आणि तंबूचा एक तुकडा घेऊन येत होते, पाऊस आला तर डोक्यावर धरायला. वळणावर मी दिसेनाशी झाले. हाका मारायला म्हाताऱ्याला दम पुरेना. मग त्यांनी जन्मभर जे केलं तेच केलं, कर्णा तोंडाला लावला आणि एकदाच फुंकला.

त्या आवाजाने झोपेतलं माणूस ताडकन उठतं. कडेची दारं उघडल्याचे आवाज आले. कोणीतरी धुक्यातून आम्हाला पाहिलं असणार: इद्दिरचा हंडा, इद्दिरची बाकं, तंबूचं कापड, कर्णा, आणि सगळी वरात अस्कलेच्या घराकडे. अर्थ लावायला आमच्याकडे शाळा शिकावी लागत नाही.

मी अंगणात बाक टेकवते न टेकवते तोच खालून पहिला हंबरडा आला. ती झेनेबा होती, पलीकडच्या गडग्याची. मग उजवीकडून दुसरी. मग वरून. कोणी कुंपणाबाहेर आलं नाही, हुकूम सगळ्यांना ठाऊक होता. जी ती आपल्या गडग्याशी उभी राहून, शालीचा काठ सुतकासारखा उलटा घेऊन रडत होती. दिसत कोणीच नव्हतं. धुकंच रडत होतं म्हणा ना.

“अरे देवा,” गाशे यिमर म्हणाले आणि कर्णा पाठीमागे लपवला. जसं काही आता त्याने फरक पडणार होता.

“सांगा त्यांना ओरडून!” मी म्हणाले.

“काय सांगू? मेली नाही, परत जा, असं?”

एवढ्यात दार करकरलं. अस्कले उंबऱ्यावर आली, दोन्ही हातांनी चौकट धरून. “कोण गेलं?”

आम्ही दोघं खाली मान घालून उभे. खालून झेनेबाचा आवाज चढला:

“सगळ्यांना रडून वाटेला लावलंस,
तुला लावायला कोण गं उरलं?
दगडालाही पाझर फोडणारी अस्कले,
दार लावून एकटीच निघालीस?”

म्हातारीचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी तिला कळलंच नाही. मग कळलं. मला वाटलं, आता ही खरंच पडते. पण ती उंबऱ्यावर बसली, डोळे मिटले आणि ऐकू लागली. आवाज एका गडग्यावरून दुसऱ्या गडग्यावर जात होता, टेकडी चढत होता, उतरत होता. जिच्या बाळंतपणात अस्कलेने रात्र काढली होती ती तेच सांगून रडत होती. जिच्याशी पाण्यावरून भांडण होतं ती भांडण सांगून रडत होती. मलाही कळेनासं झालं की म्हातारी समोर बसली आहे की गेली आहे.

“झेनेबाचा ठेका चुकतो,” ती डोळे न उघडता म्हणाली. “पहिल्यापासूनच चुकतो. पण मनापासून रडते हो.”

“एम्मामा, आमची चूक झाली...”

“गप्प बस. ऐकू दे.”

मग ती उठली. कशी उठली देव जाणे. छाती ठोकून तिने सूर लावला, आणि त्या काडीसारख्या देहातून आवाज असा निघाला की सगळे गडगे एकदम गप्प झाले. खाली कोणाच्या तरी हातून घागर फुटली. मेलेली बाई धुक्यातून रडायला लागली तर दुसरं काय होणार? “बिस्मिल्ला!” झेनेबा किंचाळली. कोणी छातीवर क्रॉस काढले असतील. पण अस्कले थांबली नाही. ती स्वतःसाठी रडतच नव्हती. त्या वर्षी गुपचूप गेलेल्यांची नावं ती घेत होती. शिंपी, दाई, मशिदीत चटया झाडणारा म्हातारा, एकेकाला एकेक ओवी. आणि मग:

“समुद्राचं मीठ आणणारा मुलुकेन गं,
घाट उतरला, बहिणीशी बोलला नाही;
चौघांनीच नेलं, तू हलका होतास का रे,
की आम्हालाच धुक्यात वाट दिसली नाही?”

मी खाली बसले. किती वेळ रडले मला ठाऊक नाही. ऊर हलका होणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. सगळ्या टेकडीवर बायका आपापल्या माणसासाठी रडत होत्या, आणि प्रत्येकीचा माणूस थोडा थोडा त्या धुक्यातून चालत गेल्यासारखा वाटला. मी मुलुकेनची पाठ पाहिली. कोणी काही म्हणो, मी पाहिली.

मग अस्कले थांबली, आणि हात पुढे केले. “पाणी घाल. हात धुते. हंड्यात काय आहे?”

“शिरो.”

“मिरची घातलीस का, की आजाऱ्याचं रांधलंयस?”

घाईघाईने मी ताट वाढून पुढे झाले तशी गाशे यिमर ओरडले, “लांब, लांब! जवळ जाऊ नकोस, म्हातारीला काही होईल!”

“येऊ दे रे तिला,” अस्कले घास कालवत म्हणाली. “मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही.”

त्यानंतर आमचा नेमच झाला. रोज हंडा चढावर जायचा आणि हंड्याबरोबर एक नाव जायचं. अस्कले विचारायची, “आज कोण?” ज्यांचं माणूस न रडता गेलं होतं ते निरोप पाठवायचे: त्याला काय आवडायचं, तो कशावर चिडायचा. ती अंगणात उभी राहून त्याला रडायची, घरचे आपल्या गडग्याशी उभे राहून ऐकायचे. मग हात धुऊन ती जेवायची. तिच्या हातांवर मांस आलं, बांगडी मनगटावर थांबू लागली. तिला आम्ही पोसतो की ती आम्हाला, हे सांगणं अवघड होतं.

पाऊस ओसरला, डोंगर पिवळ्या फुलांनी भरला. आणि एक दिवस नाव नव्हतं.

मी आदल्या संध्याकाळपासून विचारत होते. वरच्या आळीत नाही, खालच्या आळीत नाही. गाशे यिमर मशिदीपर्यंत जाऊन हात हलवत आले. चढ चढताना एखादं नाव रचून सांगावं, असं मनात आलं. कुठल्याशा गावचा, कोणाचा तरी चुलत दीर. पण तिला काय फसवणार? जन्मभर मेलेल्यांशी व्यवहार केलेली बाई. आणि नाव नाही म्हटलं तर पुन्हा दार लावून घेईल, पुन्हा ते दाण्यांचं गाडगं, पुन्हा ते मनगट.

ती उंबऱ्यावर उन्हात बसली होती. “आज कोण?”

“कोणी नाही, एम्मामा.”

“नीट विचारलंस?”

“घरोघर विचारलं.”

“जुनंही कोणी राहिलं नाही? नवंही कोणी गेलं नाही?”

“नाही.”

मी डबा छातीशी घट्ट धरून उभी होते.

“आळीत कोणी मेलं नाही,” ती म्हणाली, “आणि तू असं मेल्यासारखं तोंड करून आलीस? आण इकडे!”

तिने डबा उघडला, इंजेराचा तुकडा तोडला, शिरोत बुडवून गुंडाळला. पहिला घास आम्ही कधी स्वतः खात नाही, शेजारच्याच्या तोंडात भरवतो. तिचा हात माझ्याकडे वर झाला आणि मधेच थांबला. तोंडावरचं फडकं तिलाही दिसत होतं. मग हात लांब करून तिने तो घास गडग्यावर, आम्हा दोघींच्या मधे, एका स्वच्छ पानावर ठेवला.

“घे,” ती म्हणाली. “तिथून उचल.”

मी फडकं खाली ओढून तो घास तोंडात घातला. मुलुकेन गेल्यापासून मला कोणी भरवलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी कधी यायला लागलं ते समजलंच नाही.

“ए,” म्हातारी मोठ्याने म्हणाली, “रडायचं नाही हं आज. आज कोणी नाही. नुसती जेव.”