न लागलेला दिवा

"दार्के, जरा इकडे ये. हे बघ आणि सांग, मी वेडा की हे यंत्र वेडं."

एब फ्रीझन शाळेत दार्काच्या मागच्या बाकावर बसायचा. पन्नास वर्षं उलटली, गॅरेज टाकून तीस झाली, तरी हाक मारण्याचा सूर तोच. दार्का बोयचुक खुर्चीवरून उठली. तिची गाडी वर उचलून धरलेली होती. एप्रिल लागला होता, रस्त्याकडेचा बर्फ काळवंडून खचला होता. हिवाळ्याची चाकं उतरवायची, उन्हाळ्याची चढवायची, काम एवढंच. दरवर्षी ते तिचा नवरा ओरेस्ट घरच्या अंगणातच करायचा. यंदा त्याचा खांदा निखळला, म्हणून गाडी एबकडे आली. आणली मात्र ओरेस्टनेच, एक हात झोळीत अडकवून. दार्का आता गाडी चालवत नव्हती.

एबच्या हातात चाकांतल्या सेन्सरांकडून हवेचा दाब वाचणारं यंत्र होतं, त्यावर चार आकडे होते. चारही पस्तीस. मग त्याने हवा मोजायचा साधा गेज चाकांना लावला. एकात सव्वीस पाउंड हवा, दुसऱ्यात एकोणतीस.

"चाकात सव्वीस आणि गाडी म्हणते पस्तीस," एब म्हणाला. "ही बोलतेय तरी कुणाशी?"

गाडी खाली घेऊन तो यंत्र हातात धरून तिच्याभोवती फिरला. डिकीपाशी थांबला. गालिचा उचलला, स्टेपनी बाहेर काढली. तिच्या खाली पांढऱ्या प्लास्टिकचा हातभर पाइप पट्टीने बांधून ठेवलेला होता. दोन्ही तोंडं बंद, एका टोकाला हवा भरायची नळी. एबने तो हलवला तसं आत काहीतरी खुळखुळलं. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. जे चार सेन्सर चाकांत बसायला हवेत ते या पाइपात आहेत, त्याने हळू आवाजात सांगितलं. पाइपात हवा भरलेली. बाहेर चाक जमिनीला टेकलं तरी हा पाइप गाडीला सांगत राहणार, सगळं ठीक आहे.

त्याने नळी दाबली. हवा फुसफुसत निघाली, बराच वेळ निघत राहिली. आणि गाडीच्या काचेआड चाकात हवा कमी असल्याचा पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालेसारखा आकार, मध्ये उद्गारचिन्ह.

दार्का त्या दिव्याकडे बघत उभी राहिली.

हा दिवा तिच्या ओळखीचा होता. हिवाळ्याच्या चाकांत सेन्सर नव्हते, त्यामुळे दर नोव्हेंबरात तो लागायचा आणि एप्रिलपर्यंत जळत राहायचा. एकोणीस वर्षं ती स्वतःच्या गाडीतून आसपासच्या शेतवाड्यांना टपाल वाटत होती. दोनशे बारा पेट्या. मॅनिटोबा प्रांतातले खडीचे रस्ते, सरळ धावत जाऊन एकाएकी कोपऱ्यात वळणारे. दिवा पेटलेला असला की तिचं मन लागत नसे. दर तीन मैलांवर उतरून चाकं बघायची, घरी आली की ओरेस्टला विचारायची, आज बघितलंस का रे. ओरेस्ट वैतागायचा. दोन वर्षांपूर्वी त्याने सांगितलं, हिवाळ्याच्या चाकांतही सेन्सर बसवून घेतलेत, आता दिवा लागला तरच बघ, नाहीतर नको. खरंच त्यानंतर दिवा लागला नाही. तिने त्याच्यासाठी त्या रविवारी त्याच्या आवडीच्या कोबीच्या गुंडाळ्या केल्या होत्या.

मग या फेब्रुवारीत उणे एकतीसच्या थंडीत मागचं चाक बसलं, वळणावर गाडी फिरली आणि खड्ड्यात गेली. तास होत आला तेव्हा एक ट्रॅक्टरवाला आला. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं त्या दिवशी गारठून बधिर झाली, त्यांना अजून ऊन-गार कळत नाही. पण मनाला लागलं ते वेगळंच. विम्याच्या माणसाने विचारलं, शेजारणीने विचारलं, पाद्रीबाबांनीही विचारलं, दिवा लागला असेल ना. ती म्हणाली, नव्हता. ओरेस्ट म्हणाला, "असेल गं. तुझ्या लक्षात आलं नसेल. परवा नाही का साईचा डबा फ्रिजऐवजी कपाटात ठेवलास?"

दार्काची आई शेवटी स्मृती गेल्यावर जावयाला पाद्रीबाबा समजून त्याचा हात चुंबत असे. दार्काने ते पाहिलं होतं. तिने वाद घातला नाही. मार्चमध्ये तिने टपालाचं काम सोडत असल्याची चिठ्ठी लिहिली, गाडीची किल्ली ओरेस्टच्या हातात दिली आणि डॉक्टरकडे नाव नोंदवलं. डॉक्टरणीने सांगितलं, कागदावर घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. मग तीन शब्द दिले, थोड्या वेळाने परत विचारले. तिने घड्याळ काढलं. तिन्ही शब्द सांगितले. तरी डॉक्टरणीने सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं. हे सगळं चाललं तेव्हा ओरेस्ट शेजारच्या खुर्चीत बसला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून.

आता तो कॉफी पिऊन मिशा पुसत आत आला. टेबलावरचा पाइप बघून थबकला. एबला एकाएकी हात धुवायचे आठवले, तो मागे गेला.

 ओरेस्ट म्हणाला, "तुझ्यासाठीच केलं. दर हिवाळ्यात तुझा जीव टांगणीला. म्हटलं, दिवाच नको."

"फेब्रुवारीत सांगायचंस."

"सांगणार होतो. मग विमेवाला आला, मग लोक विचारायला लागले... एकदा गप्प बसलं की मग बोलता येत नाही गं."

"आणि डॉक्टरकडे?"

ओरेस्टने झोळीतला हात दुसऱ्या हाताने सावरला. "परत येताना सांगणार होतो. तू झोपली होतीस."

ती झोपली नव्हती. रडू दिसू नये म्हणून डोळे मिटून बसली होती. साठ मैल.

तिने एबला बोलावलं आणि ते चारही सेन्सर काढून चाकांत बसवायला सांगितलं. तास लागेल, एब म्हणाला. ती म्हणाली, लागू दे. काम झाल्यावर एब किल्ली घेऊन आला आणि दोघांच्या मध्ये उभा राहिला. दार्काने हात पुढे केला.

ओरेस्ट शेजारी बसला. पट्टा त्याला एका हाताने लावता येईना, ती थांबली, त्याने कसाबसा लावला. दिवा पेटलेलाच होता. थोडी चाकं फिरली की जाईल, एबने सांगितलं होतं. गाव मागे पडलं, खडीचा रस्ता सुरू झाला. दोन्हीकडच्या शेतांत वितळलेल्या बर्फाचं पाणी साचलं होतं, आणि त्यात दक्षिणेकडून परतलेली पांढरी रानबदकं उतरली होती, शेतच्या शेत पांढरं. चौथ्या मैलाला दिवा विझला.

दार्काने गाडी कडेला घेतली, बंद केली आणि खाली उतरली.

ओरेस्टने काच खाली केली. "दिवा गेला की आता."

"दिसलं मला," ती म्हणाली.

ती पुढच्या चाकापाशी चिखलात बसली आणि टायर तळव्याने दाबून पाहिला. मग दुसरा. मग गाडीला वळसा घालून तिसरा. तो आतून तिच्याकडे बघत होता. चौथ्या चाकापाशी तिने हातमोजा काढला आणि बोटांनी दाबलं, एकदा, पुन्हा एकदा. दोन बोटांना काहीच कळलं नाही. मग तिने डावा हात लावला.