एक्केचाळीस सेकंद

"हळू शिव गं बये, हळू!" शेजारच्या मशीनवरून रुस्का ओठ न हलवता पुटपुटली.

त्रायांकाच्या पाठीमागे डोंचोसाहेब वेळ मोजायचं घड्याळ घेऊन उभा होता. श्टिप शहरातल्या या शर्टांच्या कारखान्यात घड्याळ आलं की बायका हात आखडतात. कॉलर जितकी झटपट होईल तितक्या बायका कमी लागणार, हे न कळण्याइतकं दूधखुळं तिथं कुणी नव्हतं. मिनिटाच्या आत कॉलर उरकायची नाही, असा नऊजणींनी सकाळच्या कॉफीवर एकमेकींना शब्द दिला होता. रुस्काचा नवरा दोन वर्षं घरी बसलेला. तिची नोकरी गेली तर चूलच विझायची.

त्रायांका मनात आकडे मोजत शिवू लागली. मानेवरून घाम ओघळला. पण कॉलरचं टोक आलं आणि मेले हात सुटलेच! तीस वर्षं नगावर मजुरी घेतलेले हात ते, त्यांना कुठला शब्द नि कुठलं काय? सुई तडतडत गेली, टोक वळलं, दोरा कापूनही झाला.

"एक्केचाळीस सेकंद. जमतंय की!"

"चुकून झालं साहेब, परत लावा ना घड्याळ."

"चुकून कुणी इतकं सुबक शिवतं होय?" तो हसला आणि रुस्काकडे वळला.

रुस्काने शब्द पाळला. तिला चौसष्ट सेकंद लागले.

एक्केचाळीस सेकंद हाच सगळ्यांचा दर ठरला आणि महिन्याभरात सहाजणी नऊजणींपेक्षा जास्त कॉलरी काढू लागल्या. फाटकावर विक्रमी उत्पादनाचा फलक झळकला. सगळ्यांत सावकाश ठरलेल्या तिघींना काढलं होतं, त्यांत रुस्का होती.

पुढं एका रविवारी त्रायांका कॉफीचा पुडा घेऊन भीतभीतच तिच्या दारात उभी राहिली.

"ये की. कोचानीला जाते मी, भातखाचरांत निंदायला," रुस्का म्हणाली. "एवढंसं खाचर नि वीस बायका. दहाजणी आल्या तरी भात तेवढाच पिकायचा! चार दिवस काम, आठ दिवस घरी."

"शिव्या दे गं मला. घरबुडवी म्हण."

"म्हटलं तर खुर्ची परत मिळणारेय का माझी?" रुस्काने कॉफी चुलीवर चढवली आणि एक फाटका सदरा तिच्या पुढ्यात टाकला. "बाही तेवढी शिवून दे. चिखलानं बोटं सुजलीत माझी, सुई धरवत नाही."

काम पाच मिनिटांचं होतं. ऊन अंगणातून निघून गेलं तरी त्रायांका एकेक टाका घालत बसली होती. रुस्काही तिला घाई कर म्हणाली नाही.